चिठ्ठीवरील पांच हजार

मागील अंकांत पाण्याच्या टाकींतील तरंगत्या गोळ्याविषयीं लिहितांना, पुढील खेपेस विजेच्या इस्त्रीकडे वळूं असें वचन आम्हीं वाचकांस दिलें होतें. तें या महिन्यांत पाळतां येत नाहीं याबद्दल क्षमा असावी. मध्यंतरीं आमच्या घरांत एक लहानसा खटला उभा राहिला. त्यांत फिर्यादीही आम्ही, न्यायाधीशही आम्हीच, आणि आरोपी आमचे अकरा वर्षांचे धाकटे चिरंजीव. निकाल आम्हीं आधीं दिला व पुरावा मागाहून तपासला. हा क्रम उलटा झाला हें कबूल करण्याकरितां, आणि तो पुरावा कसा तपासावयाचा हें सांगण्याकरितां आजचा लेख आहे.

दिवाळीच्या सुट्टींत आमच्या इमारतीच्या अंगणांत मुलांनीं रेडिओवर चालणाऱ्या गाड्यांची शर्यत ठेविली होती. हें खेळणें ज्या वाचकांच्या घरीं अद्याप शिरलें नसेल त्यांच्याकरितां एवढेंच सांगतों कीं, गाडी सुमारें हातभर लांबीची असते. तिच्या पोटांत विजेची मोटर व पुन्हां पुन्हां भरतां येणारी बॅटरी असते, आणि दूर उभा राहिलेला मुलगा हातांतील यंत्रानें तिला पळवितो, वळवितो, थांबवितो. चांगल्या प्रतीची गाडी स्वस्त नसते. आमच्या दोघां चिरंजीवांनीं वर्षभर सांठविलेले पैसे एकत्र करून ती घेतली. तिच्याबरोबर आलेली लहान बॅटरी पुरत नाहीं म्हणून ५००० मिलिअँपिअर-तासांची एक मोठी बॅटरी एका दुकानाकडून टपालानें मागविली. शर्यतीचा नियम सोपा होता : वीस मिनिटांत ज्याच्या फेऱ्या अधिक तो विजयी. आमची गाडी प्रारंभापासून पुढें होती. चौदावें मिनिट लागलें आणि ती दमलेल्या बैलासारखी चालूं लागली. पंधरावें मिनिट पुरें होण्यापूर्वींच जिन्यापाशीं उभी राहिली.

बॅटरी भरण्याचें काम धाकट्याकडे होतें. थोरल्याचें म्हणणें असें कीं, त्यानें एक तर ती अर्धवट भरली असावी, किंवा सकाळीं सर्व मंडळी निजलेली असतांना गाडी चोरून चालविली असावी. "बाबा, दिवा हिरवा झाला तेव्हांच मी बॅटरी काढली. नंतर हातसुद्धां लावला नाहीं," असें धाकटा सांगत होता. "पांच हजारांची बॅटरी चौदा मिनिटांत कशी संपेल? खोटें बोलूं नकोस," असें आम्हीं म्हटलें, आणि आठ दिवस गाडीस हात लावावयाचा नाहीं अशी शिक्षाही सुनावली. त्या रात्रीं मुलगा धड जेवला नाहीं. निजानीज झाल्यावर सौ. म्हणाली, "अहो, चिठ्ठी तेवढी खरी आणि मुलगा तेवढा खोटा, हें कशावरून ठरविलेंत?"

आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. हिशेब मात्र होता, आणि तोच आमचा घात करीत होता. अँपिअर हें विजेच्या प्रवाहाचें माप. त्याचा हजारावा भाग तो मिलिअँपिअर. ५००० मिलिअँपिअर-तास याचा अर्थ पांच अँपिअरचा प्रवाह एक तास मिळेल, किंवा एक अँपिअरचा पांच तास. आमच्यासारख्या गाडीची मोटर धांवतांना सरासरीनें आठ-दहा अँपिअर ओढते. म्हणजे पांच हजारांच्या बॅटरीनें अर्धा तास तरी चालावयास हवें. ती त्याच्या निम्म्या वेळांत संपली, तेव्हां ती निम्मीच भरली होती, असें आम्हीं अनुमान काढलें. गुणाकार-भागाकार बिनचूक होते. ज्या आंकड्यापासून प्रारंभ केला तो कोणीं मोजला, कसा मोजला, हें मात्र आम्हीं विचारलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं हें सर्व मातोश्रींस समजावून सांगत असतां त्या म्हणाल्या, "अरे, मग मोजून बघ कीं. माझ्या सासूबाई दुकानांतून आलेले तांदूळ घरच्या मापट्यानें पुन्हां मोजीत. कमी भरले तर पोराला बोल लावण्याआधीं दुकानदाराला विचारीत." भौतिकशास्त्राची पदवी घेतलेल्या मनुष्यास हें आईनें सांगावें लागलें, याची नोंद येथें करून ठेवतों.

असें मोजण्याचा उद्योग कांहीं नवा नाहीं. जपानांत शिझुओका येथील तामिया कंपनीनें १९७६ साली पोर्शे ९३४ ही आपली पहिली रेडिओवर चालणारी गाडी काढली, आणि पुढील दशकांत या गाड्यांच्या शर्यतींचें वेड पुष्कळ देशांत पसरलें. त्या काळीं सहा निकेल-कॅडमियम घट जोडून ७.२ व्होल्टची बॅटरी करीत. १२०० मिलिअँपिअर-तासांची ती बॅटरी चार मिनिटांच्या शर्यतींत पुरी रिकामी करावयाची म्हणजे सरासरी १८ अँपिअरचा प्रवाह काढावयाचा. त्याहून अधिक ओढला तर शेवटची फेरी पायीं! तेव्हां छापील आंकड्यावर विसंबून चालण्यासारखें नव्हतें. एकाच कारखान्याच्या, एकाच जातीच्या घटांतही फरक असतो. सहांतील एक अशक्त निघाला कीं तो आधीं रिकामा होतो आणि उरलेल्या पांचांसही मागें ओढतो. म्हणून विक्रेते प्रत्येक घट यंत्रावर स्वतंत्र रिकामा करून पाहात, किती सेकंद टिकला, सरासरी दाब किती राहिला, आंतील रोध किती, हें त्याच घटावर चिकटवीत, आणि जुळते सहा घट निवडून चढ्या भावानें विकीत. पत्रिका जुळविण्यांत आमच्याकडील उपाध्यायही इतकी चिकाटी क्वचितच दाखवीत असतील. पुढें निकेल-कॅडमियमची जागा निकेल-मेटल हायड्राइड घटांनीं घेतली, त्याच आकाराच्या घटांत चार हजारांहून अधिक मिलिअँपिअर-तास मावूं लागले, आणि त्यांच्याही मागून लिथियम-पॉलिमर आले. आमची बॅटरी हायड्राइड जातीची, सहा घटांची.

आतां प्रयोगाकडे वळूं. बॅटरीची ग्रहणशक्ति हा वजन-लांबीसारखा एकच ठाम आंकडा नव्हे. ती किती वेगानें रिकामी केली, कोणत्या दाबापाशीं थांबलों, हवा किती उष्ण होती, यांवर तो अवलंबून असतो. वेग वाढला कीं हाताशीं येणारी वीज घटते, हा नियम शिसें-आम्लाच्या बॅटऱ्यांविषयीं विल्हेल्म पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञानें १८९७ मध्यें मांडला. निकेलच्या घटांत तो परिणाम सौम्य असतो, पण असतो. म्हणून आंतरराष्ट्रीय मानकांत हायड्राइड घटाची कसोटी नेमून दिलेली आहे. नांवाच्या ग्रहणशक्तीच्या एकदशांश प्रवाहानें सोळा तास भरावें, एक ते चार तास स्वस्थ ठेवावें, मग एकपंचमांश प्रवाहानें रिकामी करीत प्रत्येक घटाचा दाब १.० व्होल्टवर आला कीं थांबावें. हवा वीस अंशांच्या आसपास असावी. सोळा तास म्हणजे हिशेबापेक्षां सहा तास अधिक; याचें कारण सावकाश भरतांना बरीच वीज उष्णतेंत वाया जाते. नवा घट पहिल्या खेपेस पुरता खुलत नाहीं, म्हणून मानक पांच आवर्तनांपर्यंत संधि देतें. कार्तिकांतील पुण्याच्या रात्री या कामास चांगल्या. वैशाखांत हा खटाटोप करूं नये.

साहित्य थोडें लागतें. मोटारीच्या पुढील दिव्याचा १२ व्होल्ट, ५५ वॅटचा बल्ब; ०.१ ओहम रोधाचा, पांच वॅट सहन करणारा एक पांढरा चिनी मातीचा रोधक, जो आम्हांस तपकीर गल्लींत अगदीं थोडक्या पैशांत मिळाला; १० अँपिअरचा एक फ्यूज; आणि घरांतील साधा मल्टिमीटर. बॅटरीच्या धन टोंकापासून फ्यूज, मग बल्ब, मग रोधक, आणि तेथून ऋण टोंक, अशी एकच माळ करावी. रोधकाच्या दोन टोंकांमधील दाब मोजला कीं प्रवाह कळतो : ०.३४ व्होल्ट म्हणजे ३.४ अँपिअर. मल्टिमीटरमधूनच सर्व प्रवाह नेण्याचा मोह होतो, तो आवरावा. पुष्कळ स्वस्त मल्टिमीटरांचा १० अँपिअरचा फांटा कांहीं सेकंदांपुरताच दिलेला असतो. तसें त्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलेंही असतें, पण तें वाचतो कोण?

बल्बच कां, असें कोणी विचारील. तापलेल्या तारेचा एक सोईस्कर गुण आहे. दाब उतरला कीं तार थोडी निवते, निवाली कीं तिचा रोध कमी होतो, आणि त्यामुळें प्रवाह फारसा घसरत नाहीं. शिवाय बॅटरी थकूं लागल्याचें घरांतील सर्वांस डोळ्यांनीं दिसतें. मात्र हा बल्ब भयंकर तापतो. आम्हीं तो जुन्या लोखंडी तव्यावर ठेविला, बॅटरी मातीच्या रिकाम्या कुंडींत ठेविली, आणि सर्व मांडणी गॅलरींतील फरशीवर केली. पडदे, रद्दी व पाळण्यांतील मुलें यांपासून दूर.

पहिल्याच रात्रीं एक पेंच उभा राहिला. भरण्याचा प्रवाह ग्रहणशक्तीच्या एकदशांश ठेवावयाचा. पण ग्रहणशक्तीचीच तर परीक्षा चाललेली! चिठ्ठीवर विश्वास ठेवून आम्हीं ५०० मिलिअँपिअर प्रवाह सोळा तास दिला. सकाळीं बॅटरी भाकरीच्या डब्यासारखी ऊन लागली. तेव्हांच मनांत पाल चुकचुकली. घट खरोखर पांच हजारांचे असते तर एवढ्या मंद प्रवाहानें ते असे तापले नसते. खोट्या आंकड्याचें नुकसान वेळेपुरतें नसतें तें येथें. त्याच आंकड्यावरून आपण भरण्याची मात्रा ठरवितों, आणि निम्म्या पोटाच्या बॅटरीस दुप्पट जेवण घालतों.

ती निवूं देऊन दुपारीं बल्ब जोडला. थोरला घड्याळ पाहात होता. आरोपीनें वही घेतली होती. दर पांच मिनिटांनीं बॅटरीचा दाब व रोधकावरील दाब टिपावयाचा. प्रारंभीं ७.८ व्होल्ट, मग बराच वेळ ७.२ च्या आसपास. प्रवाह ३.४ अँपिअर. चिठ्ठी खरी असेल तर या प्रवाहानें सुमारें ८८ मिनिटें दिवा जळावयास हवा. चाळीस मिनिटांनंतर उजेड पिवळट झाला. दर मिनिटास टिपण सुरू केलें : ६.८, ६.६, ६.३. चव्वेचाळिसाव्या मिनिटास ६.० व्होल्ट, म्हणजे सहा घटांस प्रत्येकीं एक. आम्हीं तार सोडविली. धाकटा कांहीं बोलला नाहीं. त्यानें तो आंकडा लिहिला आणि त्याखालीं दोन रेघा ओढल्या.

आम्हीं त्याच वेळीं क्षमा मागावयास हवी होती. पण शास्त्राचा आडोसा घेऊन, "अजून दोन आवर्तनें पाहूं," असें म्हटलें. आतां भरण्याचा प्रवाह २६० मिलिअँपिअर ठेविला. बॅटरी तापली नाहीं. दुसऱ्या खेपेस ४६ मिनिटें, तिसऱ्या खेपेस पुन्हां ४६. ३.४ अँपिअर गुणिलें ४६ मिनिटें, भागिलें ६० : सुमारें २६०० मिलिअँपिअर-तास. रोधकांत शेंकडा पांचांची चूक धरली तरी पावणेतीन हजारांच्या पलीकडे आंकडा जात नाहीं. पहिल्या रात्रींच्या जादा भरण्यानेंच बॅटरी अधू झाली असेल, ही शंकाही आम्हीं घेऊन पाहिली. पण तसें असतें तर मागाहूनच्या खेपा घटत्या आल्या असत्या, वाढत्या नव्हेत.

तिसऱ्या दिवशीं रात्रीं जेवणाच्या वेळीं मातोश्री व थोरला यांच्यादेखत आम्हीं धाकट्यास म्हटलें कीं, तूं बॅटरी पुरती भरली होतीस, आणि मी तुला खोटा ठरविलें ही माझी चूक झाली. तो म्हणाला, "मी सांगितलं होतं कीं, दिवा हिरवा झाला होता." मग थोडें थांबून, "दादानंसुद्धां म्हणायला हवं." दादांनीं ताटांत पाहात म्हटलें.

दुकानदारावर मात्र आम्हीं तोच अन्याय करावा हें योग्य नव्हतें. आमचा बल्ब मानकापेक्षां अधिक वेगानें वीज ओढीत होता. म्हणून मोटारीच्या वळणदिव्याचा २१ वॅटचा बल्ब आणून चौथी खेप केली. प्रवाह १.३ अँपिअर. पांच हजारांस तीन तास पन्नास मिनिटें लागावयास हवीं होतीं. दिवा दोन तास पांच मिनिटें जळला. म्हणजे सुमारें २७००. पॉयकर्टसाहेबांनीं शंभराची सूट मिळवून दिली, उरलेल्या तेवीसशेंचा जबाब त्यांच्यापाशींही नव्हता. शेजारच्या मुलाची ३००० ची चिठ्ठी असलेली बॅटरी मागून आणली. ती पहिल्याच बल्बावर ५१ मिनिटें टिकली, म्हणजे जवळजवळ २९००. आणि मग स्वयंपाकघरांतील वजनकांट्यावर दोन्ही ठेविल्या. तीन हजारांची ३६२ ग्रॅम, आमची पांच हजारांची ३३८. वीज धरून ठेवणारा मसाला घटांत जितका, तितकीच त्याची शक्ति. एकाच जातीच्या, एकाच आकाराच्या घटांत जास्त शक्तीचा दावा करणारा घट हलका असूं शकत नाहीं. हें वजन आधीं केलें असतें तर तीन दिवस वांचले असते.

गाडी चालविणाऱ्या मुलांकरितां आणखी एक गोष्ट. मिलिअँपिअर-तास हा टिकण्याचा आंकडा आहे, पळण्याचा नव्हे. प्रत्येक घटास आंतील रोध असतो, आणि प्रवाह वाढला कीं तो रोध दाबाचा एक भाग स्वतःच खाऊन टाकतो. घटाचा रोध ५ मिलिओहम असेल तर २० अँपिअरला सहा घट मिळून ०.६ व्होल्ट गमावतात. २० मिलिओहम असेल तर २.४ व्होल्ट, म्हणजे ७.२ पैकीं एक तृतीयांश! अशी गाडी भरल्या बॅटरीवरही सुस्त धांवते. बॅटरी एकटी असतांनाचा दाब व बल्ब पेटलेला असतांनाचा दाब यांत जो फरक पडतो, तो प्रवाहानें भागला कीं या रोधाचा ठोकळ अदमास घरींच होतो.

छापील व मोजलेल्या आंकड्यांतील प्रत्येक तफावत म्हणजे लबाडी, असेंही समजूं नये. फोन भरण्याच्या पॉवर बँकेवर १०००० लिहिलेलें असतें, तें आंतील घटांच्या ३.७ व्होल्टच्या हिशेबानें. ५ व्होल्टनें बाहेर काढतां तींच ७४०० होतात, आणि रूपांतरांत आणखी कांहीं गळतें. हा प्रामाणिक गोंधळ आहे. उलट, १८६५० या नांवाचे लिथियमचे दंडगोल घट ९९०० मिलिअँपिअर-तासांचे म्हणून विकले जातात, त्यांस गोंधळ म्हणतां येणार नाहीं. त्या आकाराचा उत्तमांतला उत्तम घट साडेतीन-चार हजारांपलीकडे जात नाहीं.

लिथियम-पॉलिमरच्या बॅटरीवर हा बल्बाचा प्रयोग मुलांनीं मुळींच करूं नये, आणि मोठ्यांनींही तेथून उठून जाऊं नये. बल्बास थांबणें ठाऊक नाहीं. लिथियमच्या घटाचा दाब ३ व्होल्टखालीं गेला कीं तो कायमचा बिघडतो, व तसा घट पुन्हां भरतांना पेट घेण्याचा संभव असतो. दोन घटांच्या बॅटरींत एकूण दाब ठीक दिसत असतां एक घट कधींच तळास गेलेला असूं शकतो. म्हणून प्रत्येक घट निराळा पाहावा लागतो. त्याकरितां रिकामें करण्याची सोय असलेला चार्जर घ्यावा. तो नेमलेल्या दाबापाशीं आपोआप थांबतो आणि निघालेले मिलिअँपिअर-तास स्वतः मोजून दाखवितो. त्यांतील स्वस्त यंत्रें अवघे पांच वॅट रिचवितात, तेव्हां मोठ्या बॅटरीस सहा-सात तास लागतील; घाई करूं नये. फुगलेली बॅटरी मात्र मोजूंही नये आणि भरूंही नये.

आमच्या वहींतील चारही खेपांचीं टिपणें दुकानाकडे पाठविलीं. चवथ्या दिवशीं पैसे परत आले. पत्रांत एक प्रश्न नव्हता, बॅटरी परत पाठवा असेंही नव्हतें. तिची जुनी चिठ्ठी खरवडून धाकट्यानें त्या जागीं कागद चिकटविला आहे : '२६००, दिवाळीची सुट्टी, तीन वेळा मोजली.' तेरा मिनिटें झालीं कीं तो गाडी आपण होऊन आंत आणतो. सध्यां मातोश्रींच्या रक्तदाब मोजण्याच्या यंत्रांतील आणि भिंतीवरील घड्याळांतील पेनएवढे घट काढून त्यानें रांगेनें लावून ठेविले आहेत. घड्याळ परवांपासून बंद आहे. इस्त्रीवरील लेख पुढील अंकीं देण्याचा विचार आहे; मल्टिमीटर आमच्या ताब्यांत परत आला तर.